गोठ्यातला बैल आणि चित्रातला बैल

बेंदराच्या सणाला येळ्ळूरसारख्या शेतकरी गावात मातीचे बैल पुजले जातात. त्या बैलाचे वशिंड थोडे मोठे झाले, शिंगे जरा आखूड राहिली, तरी कोणी तक्रार करीत नाही. तेथे पाहावयाचा तो भाव. परंतु जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेले बैलाचे चित्र ही निराळी गोष्ट आहे. त्या चित्राकडे पाहून कोणी रोगाची लक्षणे ओळखणार असतो, कोणी इंजेक्शनची जागा ठरविणार असतो, तर कोणी जनावराचे वय पारखावयास शिकणार असतो. तेथे चुकीचे चित्र कितीही सुंदर असले तरी उपयोगाचे नाही. शास्त्रीय प्राणिचित्रणाची सारी कला या एका कसोटीवर उभी आहे: चित्र खरे आहे काय?

एक साधे उदाहरण घेऊ. तोंड उघडलेल्या बैलाचे चित्र काढावयास सांगितले, तर पुष्कळ जण समोरचे दात वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जबड्यांत काढतील. कारण त्यांच्या मनापुढे माणसाचे तोंड असते. वास्तविक गाईबैलांच्या वरच्या जबड्यात समोरचे दात नसतातच. तेथे एक घट्ट गादी असते. खालच्या जबड्यात मात्र समोर आठ दात असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात आणि त्यांतील पहिली जोडी साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास दिसू लागते. म्हणून तर बाजारात दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला अशी बैलाची पारख होते. गोठ्यात वाढलेल्या मुलाला हे सहज ठाऊक असते. जो केवळ पुस्तकातून शिकतो, त्याची सारी भिस्त चित्रावर असते. चित्रकार चुकला की तोही चुकतो.

अशी चूक किती वर्षे टिकू शकते, याची एक विलक्षण कथा आपल्या शेजारच्या गोव्यापासून सुरू होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट मिळाला होता. इ. स. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाचित्र जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे आल्ब्रेख्त ड्यूरर या थोर चित्रकाराच्या हाती पडले. तेवढ्या आधारावर त्याने गेंड्याचा लाकडी ठसा तयार केला. त्याने स्वतः तो प्राणी कधीच पाहिला नव्हता. त्याच्या चित्रातील गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे एक जादा छोटे शिंग आहे. खऱ्या गेंड्यास ते शिंग नसते. पण चित्र इतके प्रभावी होते, की दोनशेहून अधिक वर्षे युरोपातील ग्रंथकार त्याचीच नक्कल करीत राहिले. बंगालमधून नेलेली क्लारा नावाची गेंड्याची मादी युरोपभर फिरविली गेली आणि १७४९ साली उद्री या फ्रेंच चित्रकाराने तिला समोर ठेवून पूर्णाकृती चित्र रंगविले. तेव्हा कोठे त्या जादा शिंगाचे राज्य संपुष्टात येऊ लागले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. तेही गोव्याशीच निगडित आहे. १६१२ साली बादशहा जहांगीर याचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व प्राणी घेऊन दरबारात आला. त्यांत टर्की नावाचा अमेरिकेतील कोंबड्यासारखा मोठा पक्षी होता. आपला पणजोबा बाबर याने प्राण्यांची वर्णने लिहिली, परंतु चित्रे काढविली नाहीत, असे जहांगीराने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्याने चित्रकारांना हे प्राणी रंगविण्याची आज्ञा केली. उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी समोर होता, म्हणून मानेवरील लोंबती कातडी, तिच्यावरील सुरकुत्या आणि पिसांची रचना चित्रात जशीच्या तशी उतरली आहे. ड्यूररचा हात मन्सूरपेक्षा कमी नव्हता. पण मन्सूरने प्राणी पाहिला होता आणि ड्यूररने नव्हता, एवढाच काय तो फरक.

केवळ पाहिल्यानेही काम भागत नाही. शास्त्रीय चित्रकार प्रथम मोजमाप घेतो: डोके केवढे, शेपटी केवढी, पायाची लांबी शरीराच्या कितवा भाग. एकाच प्राण्यावर तो विसंबत नाही. अनेक नमुने पाहून त्या जातीत काय कायम असते आणि काय एखाद्याच प्राण्याचे वैगुण्य असते, हे तो निवडतो. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्याचे रंग उडतात, म्हणून ताज्या नमुन्यावरून रंगांची टिपणे करतो. प्रकाश बहुधा वरच्या डाव्या बाजूने पडतो असे धरून छाया देतो, जेणेकरून उंचवटा कोणता आणि खोलगट भाग कोणता याविषयी घोटाळा होऊ नये. छायेसाठी तो अनेकदा शाईचे बारीक ठिपके वापरतो. छपाईत ते स्वच्छ उमटतात. चित्राजवळ मापाची एक रेघही असते, कारण तिच्यावाचून उंदीर आणि घूस यांतील अंतर कागदावर कळणार नाही.

उंदरांचा हा प्रश्न आपल्या मुलखात एके काळी सारा थकविण्यापर्यंत गेला होता. वॉल्टर एलियट हा इंग्रज अधिकारी १८२४ साली कित्तूरच्या लढ्यात राणी चन्नम्माच्या कैदेत होता. पुढे त्याने दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी तयार केली आणि ती १८३९ साली मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत त्याने १८२६ सालची हकीकत दिली आहे. सुरुवातीचा पाऊस कमी पडला आणि वडार लोक ज्याला मेट्टाडे म्हणत, तो शेतातला उंदीर अतोनात वाढला. त्याने पेरलेले बी खाल्ले आणि ताटावर चढून जोंधळ्याची कणसे तोडली. शेतकऱ्यांनी धान्य देऊन वडारांकडून हजारो उंदीर मारविले, तरी संख्या घटलेली दिसेना. हा उंदीर काळ्या जमिनीच्या भेगांत किंवा दगडांच्या ढिगाऱ्यातही राहतो, घुशीसारखी खोल बिळे करीत नाही. म्हणजे उपाय करावयाचा तर आधी प्राणी ओळखला पाहिजे. त्याच्या मागच्या तळपायावरील गाद्या घरउंदराच्या सहा गाद्यांपेक्षा कमी असतात. एवढी बारीक खूण दाखवावयास नेमके चित्रच लागते.

भाताच्या शिवारात वावरणाऱ्यास याहून निकडीचा प्रश्न सापांचा. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या हे दिसावयास सारखे. चांगले चित्र दोघांना शेजारी ठेवून दाखविते, की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे अस्पष्ट होतात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात, शेपटीकडे स्पष्ट होतात आणि तिच्या पाठीच्या मध्यावरील खवले मोठे, षट्कोनी असतात. अर्थात दंश झाल्यावर चित्रे चाळीत बसावयाचे नाही. तडक रुग्णालय गाठावयाचे. चित्राचा अभ्यास त्या प्रसंगाच्या आधी करावयाचा असतो.

मग कॅमेरा असताना हाताने चित्रे कशाला, असे कोणी विचारील. छायाचित्र एका प्राण्याचे, एका क्षणाचे असते. गवत, सावली, चिखल सारे त्यात येते. चित्र हे अनावश्यक ते गाळते आणि कातडीखालचे स्नायू व हाडेही दाखविते. पक्ष्यांच्या पुस्तकांत हे विशेष जाणवते. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले, तेव्हापासून रंगीत चित्रांनी हजारो वाचकांना पक्षी ओळखावयास शिकविले. १९९८ साली भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर ग्रिमेट आणि इन्स्किप यांचा ग्रंथ आला, त्याच्या चित्रकारांत गोव्याचे कार्ल डिसिल्व्हा होते. सारखे दिसणारे पक्षी एकाच ढबीत शेजारी ठेवणे, ही सोय छायाचित्रात सहसा साधत नाही.

चित्राला मर्यादाही आहेत. फऱ्या रोगातील सुजेवर हात दाबला की चरचर असा आवाज येतो. तो आवाज कागदावर उतरत नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा जनावरांच्या अंगावरील गाठींची चित्रे सर्वत्र पाहावयास मिळाली. त्या चित्रांनी शेतकऱ्यास सावध केले. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे होते.

शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांपुढे पुष्कळदा छापील चित्र ठेवून त्याची नक्कल करविली जाते. राजहंसगडाच्या पायथ्याच्या शिवारात म्हशी, बगळे, बेडूक, खेकडे यांची उणीव नाही. एकदा मुलाला म्हशीसमोर बसवावे आणि तिची शिंगे कोठून निघतात, कान त्यांच्या वर की खाली, बसताना ती आधी कोणते पाय दुमडते, हे पाहून काढावयास सांगावे. रेघ वाकडी आली तर हरकत नाही. ती सरावाने सुधारते. न पाहता काढण्याची सवय मात्र एकदा जडली की सहजासहजी सुटत नाही.