कागदाची युद्धनौका आणि चुकांचा हिशेब

तत्त्वज्ञानाचा माणूस जहाजावर बोलणार म्हटल्यावर काहींना थीसियसचं जहाज आठवलं असेल. ते आज येणार नाही. निवृत्तीनंतर, हातात कसलंही कसब नसताना, आम्ही कागदाचं एक जहाज करायला घेतलं. त्याची ही हकीकत आहे.

छापील कागद कापून, दुमडून, चिकटवून प्रतिकृती करायची, हा छंद युरोपात जुना आहे. पोलंडमध्ये ‘मावी मॉडेलाश’ हे नियतकालिक १९५७ साली सुरू झालं. त्याच्या पानांवर प्रतिकृतीचे भागच छापलेले असत. आजही पोलंडच्या संचांत मोठ्या युद्धनौका बहुधा १:२०० या प्रमाणात मिळतात, तर जर्मनीत १:२५० चालतं.

आम्ही निवडली ‘हूड’ ही ब्रिटिश युद्धनौका. खरी लांबी सुमारे २६२ मीटर, म्हणजे १:२०० ला १३१ सेंटीमीटर. आमच्या टेबलाच्या बाहेर तिचं नाक यायचं. नवशिक्यानं एवढं मोठं घ्यावं का, असं सगळ्यांनी विचारलं. आमचं उत्तर असं, की मोठं जहाज अवघड नसतं, लांबलचक असतं. उलट लहान प्रमाणात तोफेची नळी टाचणीएवढी होते आणि म्हाताऱ्या बोटांना ती धरवत नाही. मोठ्या प्रमाणात एकेक भाग सोपा असतो. अवघड असतं ते भागांचं एकमेकांशी असलेलं नातं.

ते नातं कसं, बघा. आधी सांगाडा: मधोमध उभा कणा, त्याला आडव्या फासळ्या, दोन्हींना खाचा, एकमेकांत बसणाऱ्या. त्यावर डेक, मग बाजूंचं आवरण, आणि शेवटी बुरूज, तोफा, होड्या, डोलकाठ्या. प्रत्येक भाग आपलं माप आधीच्या भागाकडून घेतो. कागद त्याला स्वतंत्रपणे काही सांगत नाही.

आता गोम इथे आहे. ए-३ कागद ४२ सेंटीमीटर लांब. म्हणजे १३१ सेंटीमीटरचा कणा निदान चार तुकडे जोडून करावा लागतो. एका जोडावर अर्ध्या अंशाचा कल राहिला, तर ४० सेंटीमीटर पुढे तो साडेतीन मिलिमीटर होतो. १:२०० चा हिशेब केला तर खऱ्या जहाजावर तो ७० सेंटीमीटर! दुसरी गोष्ट जाडीची. सांगाड्याचे भाग पुठ्ठ्यावर चिकटवून एकूण जाडी १ मिलिमीटर व्हायला हवी. ती १.२ झाली की फासळ्या खाचांत कोंबाव्या लागतात, आणि कोंबलेली प्रत्येक फासळी कण्याला थोडंसं वाकवते. एकटी नाही हो वाकवत, सगळ्या मिळून वाकवतात.

आमचं नेमकं हेच झालं. तीन महिने खपून सांगाडा केला, फेव्हिकॉल सढळ हाताने लावला. त्यातल्या पाण्याने पुठ्ठा फुगला, वर पावसाळी हवा. टेबलावर ठेवून पाहिलं तर मागचं टोक चार मिलिमीटर उचललेलं. मनात आलं, आवरण चढलं की कोणाला दिसणार आहे? आवरणाचा कागद नुसता लावून पाहिला, तर एका बाजूला फट पडली आणि दुसऱ्या बाजूला सुरकुती. झाकण्यासाठी जे लावायचं, त्यानेच चूक दाखवली.

खऱ्या हूडची गोष्ट आम्हाला तेव्हा नव्याने कळली. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या. त्याच वर्षी हूडचं काम सुरू होत होतं. आराखडा बदलून तिच्यावर सुमारे ५००० टन चिलखत वाढवलं. जहाज पाण्यात खोल बसलं, मागच्या डेकवर लाटा येऊ लागल्या, आणि डेकचं चिलखत तरीही कमीच पडलं. २४ मे १९४१ ला आइसलंड आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रात ‘बिस्मार्क’शी गाठ पडली. मागच्या भागातल्या दारूकोठाराचा स्फोट झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. जहाजावर १४१८ माणसं होती, वाचली तीन. पुठ्ठ्याची फासळी आणि ही माणसं यांची तुलना आम्ही करत नाही, तसं करणं उथळपणाचं होईल. पण पायात राहिलेली उणीव वर ओझं चढवून भरून निघत नाही, एवढं दोन्हीकडे खरं.

आम्ही तेव्हा ७३ वर्षांचे होतो. या वयात तीन महिने टाकून देणं सोपं नाही, कारण शिल्लक किती आहेत ते माहीत नसतं. दोन दिवस तो सांगाडा तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी रद्दीत दिला.

दुसऱ्या वेळी काय बदललं ते सांगतो, तुमच्या उपयोगाचं आहे. कापण्याआधी सगळ्या पानांच्या प्रती काढल्या आणि एक छोटी होडी सरावाला केली. कण्याचे जोड जाड काचेवर, स्टीलची पट्टी लावून केले आणि रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवले. (कांटचा तिथे फार उपयोग झाला.) गोंद काडीने, अगदी पातळ लावला. खाच घट्ट वाटली तर कोंबायचं नाही, पॉलिश पेपरने घासायची. प्रत्येक फासळी गुण्याने तपासायची. घडीच्या रेषेवर आधी बोथट टोकाने रेघ ओढायची. कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधीच जलरंगाने रंगवायच्या.

या वेळी चार महिने लागले, पण आवरण बसलं. आज ती पूर्ण नाही. मागचे दोन बुरूज आणि डोलकाठी राहिली आहे. पूर्ण होईल की नाही, ते पाहू. पण पहिला सांगाडा झाकून पुढे गेलो असतो, तर आज उरलेलं काम फक्त सजावटीचं असतं. आता जे उरलंय, ते जहाजाचं आहे.

प्रश्न असतील तर विचारा.