शुद्धिपत्र आणि अर्जदस्त

गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठणचे नाव निघाले की सातवाहनांची राजधानी, नाथांचा वाडा आणि पैठणीचा पदर ही तीन चित्रे मराठी मनापुढे उभी राहतात. परंतु या नगराची प्रकृती ज्याला जाणून घ्यावयाची आहे, त्याने दोन कागदांपासून आरंभ करावा असे मला वाटते. पहिला शुद्धिपत्राचा, दुसरा अर्जदस्ताचा.

संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली आळंदीची ज्ञानेश्वरादी चार भावंडे, शके १२०९ च्या, म्हणजे इ. स. १२८७ च्या सुमारास, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, असे वारकरी परंपरा सांगते. दूरच्या गावचा बहिष्कार उठविण्यास पैठणचा निवाडा लागावा, यातच येथील धर्मसभेचा अधिकार व्यक्त होतो. आणि नागघाटावर रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा हे त्या अधिकाराला लोकमानसाने दिलेले उत्तर होय.

मात्र शुद्धीचा निवाडा करणारे हे नगर स्वतः कधीच एकरंगी नव्हते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान खडे गाड्यांतून बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे क्षेत्र म्हणून जैन यात्रेकरू येथे येतात, चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे महानुभाव या भूमीला वंदन करतात, आणि पुढे सुलतानांच्या अमलात सूफी साधूंच्या दर्ग्यांनीही गावाच्या श्रद्धाविश्वात आपले स्थान मिळविले.

या मिश्र जीवनाला वाणी दिली ती एकनाथांनी (१५३३–१५९९). त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते, आणि त्यांच्या दफ्तरातील हिशेबात एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले यांच्याच शिष्यशाखेत श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचीही गणना होते. अशा परंपरेत वाढलेल्या नाथांनी कचेरीची भाषा परकी मानली नाही. अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी हे सरकारी कागदांचे प्रकार त्यांनी भारुडांची रूपे म्हणून स्वीकारले. देहाला परगणा कल्पून जिवाला शेकदार आणि बुद्धीला कारकून नेमले. ज्या फारशी शब्दांनी रयतेला सारा भरावा लागत होता, त्याच शब्दांनी तिला परमेश्वराच्या दरबारी फिर्याद नेण्याची वाट त्यांनी मोकळी करून दिली. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तील दोघे एकमेकांच्या आचारांवर कठोर आक्षेप घेतात आणि अखेर समेटावर येतात, मतभेद झाकून ठेवण्याची गरज त्या काळी नाथांना वाटली नाही, ही गोष्ट आजही मननीय आहे.

हीच वृत्ती मागावरही आढळते. ‘रेशीम’, ‘जर’ आणि ‘कारागीर’ हे शब्द फारशीतून आलेले. पदरावरचे बांगडी-मोर आणि असावलीची वेल मात्र या मातीच्या ओळखीची. रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या उभ्या ताण्यातून हाताने ओवून विणकर नक्षी उमटवितो, म्हणून अस्सल पैठणीची सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसते. तिचा धागा कोठून आला हे नेसणारी सुवासिनी विचारीत नाही.

ज्या ज्ञानेश्वरांना या गावाकडे शुद्धतेचा दाखला मागावा लागला, त्यांच्याच ग्रंथाची शुद्ध प्रत शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, याच गावच्या सुपुत्राने परिश्रमपूर्वक सिद्ध केली; आणि तोच पुरुष अर्जदस्त लिहीत होता. शुद्धी म्हणजे परक्याला वगळणे नव्हे, हा त्या दोन कृतींचा एकत्रित अर्थ आहे. आज पैठणची ओळख कोणत्या तरी एकाच नावाच्या खाती मांडण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांच्या यात्रेस जावे, भारूड ऐकावे, आणि त्यातील फारशी शब्द काढून टाकल्यावर काय उरते ते स्वतःच पाहावे.