सिद्धगडाचा वारसा

युद्ध म्हटले म्हणजे दूरच्या रणभूमी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक लढा कर्जत-खालापूरच्या डोंगरांतही झाला, आणि तो लढणारी माणसे कोणत्याही पलटणीतली नव्हती.

ह्या मुलुखाला महत्त्व आले ते विजेमुळे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीस व १९२२ साली भिवपुरीस वीज निर्माण करण्यास प्रारंभ केला. उंच लोखंडी मनोऱ्यांवरून ती मुंबईच्या गिरण्यांना जाई. युद्धकाळात ह्याच गिरण्या सरकारला लष्करी कापड पुरवीत. तारांखालच्या खेड्यांत मात्र रॉकेलची चिमणीच मिणमिणत असे.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पुढारी तुरुंगात गेले. तेव्हा माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथेच धारातीर्थी पडले. भाईंचे वय होते अवघे तीस.

मूठभर माणसे इतके महिने रानात टिकली कशी? आमच्या मते ह्याचे उत्तर १९४२च्या आधी शोधावे लागते. पावसाळ्यात घरातले भात संपले की शेतकरी सावकाराकडून खावटी काढी, आणि सुगीला खळ्यावरच तिची वाढीसह फेड करी. भाईंनी गावकऱ्यांच्या धान्यकोठ्या काढल्या. सुगीला भात साठवावे आणि अडचणीच्या दिवसांत गरजूला द्यावे, अशी ती सोय होती. त्यांनी शाळाही सुरू केल्या. ज्याने चूल विझू दिली नाही, त्याला गाव भाकरी देणारच.

दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना मानवंदना देण्यासाठी लोक जमतात. मनोरा कोसळल्याची कथा रंगवून सांगता येते. कोठीत भरलेल्या भाताची कथा तशी रंगत नाही, म्हणून ती मागे पडते. परंतु पारतंत्र्य संपल्यावर मनोरे पाडण्याचे कारण उरले नाही. पावसाळ्यातली उसनवारी काही त्या दिवशी संपली नाही. वारसा सांगणाऱ्या आपण सर्वांनी कोठीचा हिशेबही विचारला पाहिजे.