गॅरेजात शहाणी वागणारी गाडी

चालता चालता बंद पडायचे, थोडा वेळ उभी राहिली की काही घडलेच नाही अशा थाटात सुरू व्हायचे आणि मिस्त्रीच्या दारात नेली की अगदी शहाण्यासारखे वागायचे, हा जुन्या गाडीचा आजार आपल्या रस्त्यांना नवा नाही. गेल्या साठेक वर्षांत गाड्या बदलल्या, इंधन बदलले, मिस्त्रीच्या हातातली हत्यारे बदलली. तक्रार मात्र शब्दशः तीच राहिली. या काळाकडे मागे वळून पाहताना सहसा प्रगतीची गोष्ट सांगितली जाते: पूर्वी कानाने आणि नाकाने चालणारे निदान आता स्कॅनर करतो. ही गोष्ट खोटी नाही, पण अपुरी आहे. मधूनच बंद पडणाऱ्या इंजिनाचा दोष दर काळात निसटला तो केवळ साधने तोकडी होती म्हणून नव्हे. पुराव्याबाबतच्या दोन चुका पुन्हा पुन्हा झाल्या. तपासताना दोष दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असे मानणे ही पहिली चूक. शेवटी जो उपाय केला त्यानेच गाडी बरी झाली, असे मानणे ही दुसरी. साधने सुधारत गेली तरी या चुका आपोआप गेल्या नाहीत. उलट काही वेळा त्यांना नव्या साधनांचाच आधार मिळाला.

सुरुवात फियाटपासून करावी लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तीच प्रीमियर पद्मिनी झाली. तिकडे उत्तरपाड्याहून अँबेसेडर येत होती. या गाड्यांचे बॉनेट उघडले की सगळा कारभार डोळ्यांसमोर असे. कार्बोरेटर, इंजिनाच्या अंगाला बसवलेला डायफ्रामचा पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल, एवढ्याच मंडळींवर संशय घ्यायचा. मे महिन्यात बोर घाट किंवा कसारा घाट चढताना गाडी बंद पडली की निदान ठरलेले असे: पेट्रोलची वाफ झाली, एअर लॉक झाला. पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या नळीतला दाब कमी असतो. त्यात घाटातला मंद वेग आणि तापलेले इंजिन यांची भर पडली की नळीतच वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव ढकलण्यासाठी केलेला पंप वाफेपुढे हतबल होतो. उपायही सर्वांना पाठ होता. पंपावर ओले फडके टाकायचे, अर्धा तास थांबायचे आणि सेल्फ मारायचा.

गाडी बहुतेक वेळा सुरूही होई, आणि गफलत इथेच होई. अर्ध्या तासात थंड होत होता तो एकटा पंप नव्हता. कॉइलच्या आतली बारीक तार एखाद्या जागी तुटायला आलेली असेल, तर तापल्यावर ती जागा उघडते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. कमजोर कंडेन्सरही तापल्यावरच दगा देतो. म्हणजे तीन वेगवेगळ्या दोषांचे लक्षण एक आणि तात्पुरता उतारही एकच, थंड होणे. फडक्याला मिळणारे श्रेय पुष्कळदा नुसत्या वेळेचे असे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तापल्यावर कॉइल दम तोडते आणि मालक मात्र पेट्रोल पंपाचे किट बदलून घेतो, हे यातूनच घडे. जाणता मिस्त्री वेगळा ओळखू येई तो इथे. गाडी बंद पडताक्षणी, काहीही थंड होण्याआधी, तो प्लगची वायर काढून ठिणगी पाही आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येते का ते बघे. ठिणगी असून पेट्रोल नसेल तर वाट एकीकडे जाते, पेट्रोल असून ठिणगी नसेल तर दुसरीकडे. दोन मिनिटांच्या या तपासणीने निम्मे संशयित बाद होत. हीच गाडी पावसाळ्यात, पाण्याच्या डबक्यातून गेल्यावर बंद पडू लागली, तर पंपाकडे बघायचेही कारण नसे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल गेली की ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच वाट सोडते. तेव्हा काय बिघडले हे कळण्यासाठी गाडी कधी बंद पडते हेच आधी विचारावे लागे.

पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली तेव्हा झिजणारा एक भाग गेला, पण दिसणारा पुरावाही त्याच्याबरोबर गेला. या काळातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्ड कंपनीने १९८३ ते १९९५ या काळातल्या अनेक मॉडेलांत ठिणगीचे नियंत्रण करणारे मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर बसवले होते. ही जागा इंजिनाच्या धगीतली. मॉड्यूल तापले की ठिणगी जाई आणि धावती गाडी बंद पडे. थंड झाले की सगळे सुरळीत. तक्रार घेऊन आलेल्या गाडीत, किंवा काढून तपासायला घेतलेल्या थंड मॉड्यूलमध्ये, दोष दिसेलच असे नसे. ग्राहकांच्या दाव्यावर ऑक्टोबर २०००मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी, कंपनीने हा धोका दडवल्याचा ठपका ठेवत, गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. कंपनीने आरोप नाकारले आणि पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. कायद्याची बाजू बाजूला ठेवली तरी निदानाच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. उष्णतेने येणारा दोष टेबलावर थंड अवस्थेत तपासणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून रोग्याला खोटे ठरवण्यासारखे आहे.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचे प्रकरण याच्याही पुढे जाते. कोबाल्टसारख्या काही मॉडेलांत स्विच जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग इतकी सैल होती, की जड किल्ल्यांचा जुडगा, खड्ड्याचा हिसका किंवा चालकाच्या गुडघ्याचा धक्का एवढ्यानेही किल्ली मागे सरके. इंजिन बंद होई, पॉवर स्टिअरिंग जाई आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नसत. कंपनीत या तक्रारीची नोंद बराच काळ ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न अशी होत राहिली. बंद पडली तरी गाडी पुन्हा सुरू होते, मग त्यात सुरक्षेचा प्रश्न कुठला, असा विचार त्यामागे होता. पुढे स्विचच्या रचनेत बदल झाला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे नंतरच्या गाड्यांत दोष का दिसत नाही, हे शोधणाऱ्यांना उमगेना. एका खटल्यातल्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. २०१४मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आपोआप बरा होणारा दोष किरकोळ असतो, या समजुतीची ही किंमत होती. आणि एकच क्रमांक असलेले दोन भाग एकसारखेच असतील, हेही गृहीत धरता येत नाही, हे त्यातून कळले.

आपल्याकडे २०००च्या सुमारास पान उलटले. उत्सर्जनाचे नियम कडक झाले, शिसेविरहित पेट्रोल देशभर आले आणि १९८३पासून कार्बोरेटरवर धावणाऱ्या मारुती ८००मध्येही एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आली. आता एअर लॉक मागे पडला, कारण पंप टाकीतच गेला आणि पेट्रोल दाबाखाली येऊ लागले. पण उष्णतेचा जुना खेळ नव्या जागी सुरू झाला. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर म्हणजे बहुतेकदा चुंबकाभोवती गुंडाळलेली तारच. ती तापून उघडली की संकेत थांबतात. संकेत नाहीत म्हणजे इंजिन फिरत नाही, असे समजून इंजिनाचा संगणक पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो. किल्ली फिरवून बंद केलेले इंजिन आणि सेन्सर गेल्याने बंद पडलेले इंजिन यांतला फरक त्याला दर वेळी कळत नाही. म्हणून पुष्कळदा बिघाडाचा कोडही उमटत नाही. टाकीतला पंप थकला की त्याचे वागणे निराळे असते. गाडी आधी झटके देते, चढाला दम लागतो, मग ती बंद पडते. टाकीत पेट्रोल कमी असताना त्रास वाढतो, कारण पंपाला थंड ठेवणारे पेट्रोलच असते. आणि सिग्नलला थांबतानाच बंद पडणारी, पण हायवेवर कुरकुर न करणारी गाडी थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडलचा व्हॉल्व्ह किंवा कुठेतरी ओढली जाणारी चोरटी हवा यांच्याकडे बोट दाखवते. गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना आरपीएमचा काटा क्षणात शून्यावर गेला, तर चाके इंजिनाला फिरवत असूनही संगणकाला ते दिसत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या गाडीत हा काटा आहे तिथे हा पुरावा फुकट मिळतो. फक्त त्या क्षणी कोणीतरी तो पाहिलेला असावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे आता इतिहासजमा आहे. २०१०पासून टप्प्याटप्प्याने आणि २०१३पासून अधिक सविस्तर रूपात ओबीडी, म्हणजे गाडीनेच स्वतःचे बिघाड नोंदवण्याची सोय, बंधनकारक झाली. कोड आणि त्या क्षणाची नोंद गाडीच सांगते, मग तर्क कशाला लढवायचा? नोंद मिळते तिथे ती अमूल्य आहे, यात वाद नाही. पण आज जुनी म्हणून ज्या गाड्या गॅरेजात येतात, त्यांतल्या पुष्कळशा २००० ते २०१३ या मधल्या काळातल्या आहेत. त्यांच्यात संगणक आहे, पण तो मितभाषी आहे. पॉइंट उघडून बघता येत नाहीत आणि स्कॅनरही पुरते बोलत नाही, अशी त्यांची दोन्हीकडून कोंडी. दुसरे म्हणजे कोड लक्षण सांगतो, कारण नव्हे. सेन्सरचा संकेत तुटला हे तो सांगेल. सेन्सर गेला, कनेक्टर सैल झाला, वायर उंदराने कुरतडली की अर्थिंगला गंज चढला, हे सांगणार नाही. आणि नवी गाडीही या आजारातून सुटलेली नाही. जुलै २०२०मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पेट्रोल पंपातल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. दीड लाखाच्या जुन्या गाडीवर तासन् तास शोधकाम परवडत नाही. कॉइल, सेन्सर, पंप एकामागून एक बदलून टाकणेच स्वस्त पडते. सेन्सर स्वस्त असेल, त्याचे वय झाले असेल आणि लक्षणे त्याच्याकडेच बोट दाखवत असतील, तर हे म्हणणे बरोबर आहे. पण लक्षणे न पाहता बदललेला प्रत्येक भाग पुराव्यात ढवळाढवळ करतो. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी महिनाभर नीट चालली, तर कशाने सुधारली हे कळत नाही. पुन्हा बंद पडली, तर नव्यापैकी एखादाच भाग खराब निघाला की मूळ दोष तसाच राहिला, हेही कळत नाही. तिथे ओल्या फडक्याची चूकच महागड्या रूपात परतते. आठवड्यातून एकदा येणारा दोष पंधरा दिवस आला नाही एवढ्यावर तो गेला असे म्हणणे घाईचे आहे. पूर्वी ज्या उन्हात, ज्या चढावर, जितक्या पेट्रोलवर तो येई, तशाच स्थितीत पुरेसे दिवस काढल्यावरच उपायाला श्रेय द्यावे. आणि काढलेला जुना भाग लगेच भंगारात न टाकता ठेवून द्यावा. जनरल मोटर्सचे कोडे सुटले ते जुना भाग नव्याशेजारी ठेवल्यामुळेच.

उरतो तिसरा आक्षेप: मालकाच्या सांगण्यावर विश्वास किती ठेवायचा? घाबरलेला माणूस अमुक झाले, तमुक झाले असे काहीही सांगतो. ते खरेच आहे. म्हणून साक्ष टाकून द्यायची नसते, नीट घ्यायची असते. गाडी एकदम बंद पडली की झटके देऊन? इंजिन गरम होते की गार? टाकी भरलेली होती की रिकामी? डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले राहिले की सगळेच विझले? लगेच सुरू झाली की वाट बघावी लागली? या प्रश्नांना यंत्राचे ज्ञान लागत नाही आणि त्यांची उत्तरे त्याच दिवशी कागदावर उतरवली तर आठवणीच्या खोडसाळपणालाही वाव उरत नाही. सध्या याची गरज वाढली आहे, कारण २०२३पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर पसरत गेले आणि जुन्या गाडीच्या प्रत्येक दुखण्याला एक तयार आरोपी मिळाला. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मानवत नाही, टाकीत बसलेला मळ ते सुटा करू शकते आणि पाणी ओढून घेते; तेव्हा संशय निराधार नाही. पण गाडी फक्त गरम झाल्यावर, एका झटक्यात बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा बिनतक्रार धावत असेल, तर फिल्टर तुंबल्याचा तर्क तिथे बसत नाही. आरोपी सोयीचा आहे म्हणून तो दोषी ठरत नाही.

साठ वर्षांचा हिशेब एवढाच निघतो: कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले, पद्मिनी टॅक्सीही मुंबईतून ऑक्टोबर २०२३अखेर गेली, पण दोष जिवंत असतो तो गाडी बंद पडलेली असतानाच, हे बदलले नाही. गाडी कडेला सुरक्षित उभी केल्यावरची पहिली पाच मिनिटे पुराव्याची असतात. पूर्वी त्या वेळात ठिणगी आणि पेट्रोल बघत, आज स्कॅनर जोडता येतो. तो नसेल तर किल्ली चालू केल्यावर टाकीतून पंपाची घरघर येते का, एवढे तरी ऐकता येते. ती मिनिटे फडके टाकण्यात आणि वाट बघण्यात गेली, की गाडी पुन्हा शहाणी होते, आणि मग गॅरेजात पोचतो तो दोष नव्हे, त्याच्याबद्दलचा आपला अंदाज.