येलदरीचं पाणी, वसमतची मोटार

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या उसाला कालव्यातून मिळणारं पाणी शेतात पोचण्याआधी एकदा वीज तयार करून आलेलं असतं. वर जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. १९६८ सालचं, ९३४ दशलक्ष घनमीटर साठ्याचं. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांतून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात उतरतं आणि तिथून कालव्यांनी वसमतकडे वळतं. वीज तयार होताना पाण्याचा थेंबही खर्च होत नाही, खर्च होते ती फक्त त्याची उंची.

थोडं गणित करून बघा. पाणी तीस मीटर खाली पडतं असं धरलं, तर एक युनिट विजेसाठी सुमारे १४ हजार लिटर पाणी उतरावं लागतं. एक मोठा टँकर भरून वर थोडं उरेल इतकं! आता तेच युनिट विहिरीवरच्या मोटारीला द्या आणि पाणी तितक्याच खोलीवरून उपसा. जेमतेम सहा हजार लिटर वर येईल, बाकीचा जोर संच, मोटार आणि पाइप यांतच जिरतो. त्यात लाभक्षेत्रातल्या विहिरींना पाणी असतं ते पुष्कळदा कालव्याच्याच पाझराचं. म्हणजे पूर्णा आधी खाली पडते आणि मग स्वतःच्याच जोरावर अर्धीमुर्धी वर चढते. (येलदरीची वीज वेगळी ओळखून वसमतला धाडता येत नाही, सगळी एकाच जाळ्यात मिसळते. पण हिशेब बदलत नाही.)

या प्रवासात पाण्याचे आणि विजेचे धनी किती, तेही मोजण्यासारखं आहे. धरण जलसंपदा विभागाचं. वीजगृह चालवते महानिर्मिती. अतिउच्चदाब वाहिन्या महापारेषणच्या, आणि मोटारीचं बिल महावितरणचं. चौघांच्या मागे उभं आहे ते एकच राज्य सरकार. २० जून १९६० ला स्थापन झालेलं राज्य विद्युत मंडळ ६ जून २००५ ला या कंपन्यांत विभागलं गेलं, कारण २००३ च्या विद्युत कायद्याने तशी फोड सक्तीची केली. गावात अजूनही ‘बोर्डाचा माणूस आला’ असंच म्हणतात, आणि त्यात फारसं चुकतही नाही.

सरकारी कंपनी वीज तयार करणार, दुसरी सरकारी कंपनी ती विकत घेणार, मग भाव ठरवणार कोण? ते काम विभागणीच्या आधीच, १९९९ मध्ये, आलेल्या राज्य वीज नियामक आयोगाचं. त्याच साली दाभोळला एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला होता. १९९१ नंतरच्या उदारीकरणाचा तो मोठा नमुना. त्या विजेचा करार आयोग जन्मण्याआधीच झाला होता, आणि दर परवडेना म्हणून मंडळाने २००१ मध्ये ती घेणं थांबवलं. अशा करारांवर उघड सुनावणीची गरज काय असते, हे महाराष्ट्राला इतक्या महागात शिकावं लागलं.

मला खरं नवल वाटतं ते रात्रीचं. ‘लाईट कधी हाय?’ या प्रश्नाला वसमतच्या शिवारात वर्षानुवर्षं निम्म्या वेळा ‘रातची’ हेच उत्तर मिळत आलं. औष्णिक संच रात्री विझवून सकाळी सहज पेटवता येत नाहीत आणि वीज फारशी साठवता येत नाही. शहर झोपलं की मागणी पडते. मग ती पोकळी भरायला शेतीपंपांना पाळीपाळीने रात्रीची थ्री फेज दिली गेली. शेतकरी हातात बॅटरी घेऊन, विंचू-साप सांभाळत दारं धरायला जायचा, ते मुंबई-पुण्याच्या झोपेचा समतोल राखायला!

सूर्याने हे वेळापत्रक उलटवायला घेतलं आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, एवढी साधी कल्पना. आयोगाच्या २०२५ च्या दरआदेशातही सवलतीचे तास रात्रीवरून दिवसाकडे सरकले.

सौर विजेत पाण्याचाही फायदा आहे. केंद्राच्या २०१५ च्या पर्यावरण नियमांनी तेव्हाच्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. हे पाणी बव्हंशी वाफ होऊन जातं, येलदरीसारखं पुढे वाहत नाही. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की तीसेक युनिट, म्हणजे दूर कुठेतरी शंभर लिटर हवेत. मराठवाड्यातलंच परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडलं होतं.

 

२०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, मार्च २०२९ पर्यंत. मोफत म्हणजे कुणीच पैसे देत नाही असं नाही. कायद्यानुसार ती रक्कम सरकारने महावितरणला आगाऊ द्यायची असते. माझी तक्रार फुकटपणाबद्दल नाही, मीटरबद्दल आहे. असंख्य पंपांना अजून मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो आणि त्या अंदाजात गळती-चोरीही सहज लपते. सरकार, म्हणजे आपणच, न मोजलेल्या विजेचे पैसे भरतो.

दरवाढीची याचिका दाखल झाली की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना छापून येते. कुणीही ग्राहक वकील न लावता हरकत पाठवू शकतो आणि जनसुनावणीत बोलूही शकतो. पुढची सूचना दिसली की वसमतमधून निदान एक पत्र जाऊ द्या, आणि त्यात एवढंच विचारा: आमच्या फीडरवरच्या बिनमीटर पंपांनी किती युनिट वापरली असं तुम्ही धरलं, आणि कशावरून?