बारा मीटरचा मनोरा आणि वारा

सप्टेंबर १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या पोल्धू इथे बिनतारी संदेशांचे प्रयोग करणाऱ्या मार्कोनीचे अँटेनाचे २० खांब एका वादळात भुईसपाट झाले. प्रत्येक खांब सुमारे ६० मीटर उंच. सगळे वर्तुळात उभे आणि त्यांचे शेंडे एकमेकांना तारांनी बांधलेले. ही बांधणीच घातक ठरली, कारण पडणाऱ्या खांबाने शेजाऱ्यालाही ओढलं. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या केप कॉडचे खांबही वाऱ्याने लोळवले. अखेर १२ डिसेंबरला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने तार चक्क पतंगाला बांधून आकाशात सोडली आणि पोल्धूहून आलेला संकेत ऐकू आल्याचं जाहीर केलं.

आज एखादा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, गच्चीवर किंवा अंगणात अँटेनाचा मनोरा उभारतो, तेव्हा त्याची गाठ त्याच वाऱ्याशी असते. उंचीचा मोह सोडवत नाही, कारण व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. सपाट मुलखात ३ मीटरवरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर असतं, १२ मीटरवरच्या अँटेनाचं १४ वर. उंची चौपट करावी, तेव्हा पल्ला दुप्पट होतो.

वाऱ्याचं गणित याहून कठोर आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आयएस ८७५ या भारतीय मानकातलं सूत्र छोटंसं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. उत्तर न्यूटनमध्ये येतं आणि दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर. सेकंदाला १० मीटरचा वारा चौरस मीटरवर जेमतेम ६ किलो जोर लावतो. पुण्यासाठी याच मानकात मूळ वेग ३९ मीटर धरला आहे. त्या वेगाला जोर ९० किलोच्या वर जातो. मुंबईसाठी वेग ४४ मीटर, म्हणजे जवळजवळ १२० किलो. अँटेना नळ्यांची, विरळ, हातात हलकी लागते. वादळाला मात्र तिचं वजन दिसत नाही, पसारा दिसतो. आणि हा जोर १२ मीटरच्या टोकाला लागला की पायथ्याशी तो तरफेसारखा काम करतो.

इथे तणावे, म्हणजे मनोऱ्याला जमिनीशी ताणून बांधणाऱ्या तारा, कामाला येतात. वाऱ्याच्या बाजूचा तणावा तो धक्का तिरका जमिनीकडे नेतो. मग मनोऱ्याला उलथवणारा जोर फारसा उरत नाही, उरतो सरळ खाली जाणारा भार. मला यातली उलटापालट विलक्षण वाटते: खांब जमिनीत दाबला जातो आणि तणावे जिथे रोवलेले असतात ते नांगर जमिनीतून उपटले जाऊ पाहतात! उभं राहण्याचं निम्मं श्रेय या तारांचं. पोलंडमधल्या कॉन्स्टँटिनोव्हचा ६४६ मीटरचा रेडिओ मनोरा तेव्हा जगातली सर्वांत उंच रचना होता. ८ ऑगस्ट १९९१ रोजी तो कोसळला, तोही तणावे बदलण्याचं काम चालू असताना.

म्हणून नांगर कठड्याला बांधू नये. गच्चीचा कठडा माणूस पडू नये म्हणून असतो, उपटणारा जोर सोसायला नाही. काळ्या मातीतही नांगर नुसता पुरू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. काँक्रीट खालच्या मुरमापर्यंत न्यावं. तणावे तीन दिशांना, सारख्या कोनात. ताण तार तुटण्याच्या बळाच्या साधारण १० टक्के. तारेच्या टोकाशी लावायची क्लिप नीट बघा. तिला एक यू-बोल्ट असतो आणि एक खाचांची बैठक. बैठक यायला हवी भार घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू-बोल्ट दुमडलेल्या आखूड शेपटावर. उलट लावली तर बोल्ट नेमक्या भाराच्या तारेलाच चेचतो. ताण कमी-जास्त करणाऱ्या टर्नबकलमधून तारेचा वेढा घालून तो अडकवून ठेवावा, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो हळूहळू उलगडतो.

विजेचा हिशेब तर थक्क करणारा आहे. कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह सहज ३०,००० अँपिअर असतो. अर्थिंगचा रोध १० ओहम असला, तरी मनोऱ्याचा पायथा क्षणभर ३ लाख व्होल्टवर जातो. घराचं अर्थिंग वेगळं असेल, तर हा सगळा फरक घरात येणाऱ्या केबलमधून रेडिओवर पडतो. त्यामुळे मनोऱ्याचं आणि घराचं अर्थिंग जाड तांब्याने जोडायचं. मग व्होल्ट चढले तरी सगळीकडे मिळून चढतात. केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा लोट अर्थिंगकडे वळवणारं उपकरण, बसवायचं. ढग दाटले की मनोऱ्यावर चढायचं नाही आणि एरवीही चढताना पट्ट्याचा एक दोर कायम अडकलेला हवा.

मात्र सगळ्यात आधी वर बघा. अँटेनासह मनोऱ्याच्या दीडपट उंचीइतक्या अंतरात कुठेही विजेची तार जात असेल, तर त्या जागी मनोरा उभारू नका.