मैदान झाले, फाटक कुणासाठी?

तालुक्याच्या गावी स्टेडियम होणार म्हटले की आम्हां पालमकरांच्या मनात दोन भावना एकदमच उठतात. एक मन म्हणते, बरे झाले, पोरांची सोय झाली. दुसरे मन विचारते, आपल्या पोरांना आत घेतील ना?

राज्य शासनाने २००३ साली विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही ठिकाणी क्रीडा संकुले उभारण्याचे ठरविले. तालुक्याच्या संकुलासाठी सुरुवातीस २५ लाखांचे अनुदान होते. पुढे ते १ कोटी झाले आणि २०२२ मध्ये ५ कोटी. ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि हा आनंद केवळ खेळाचा नाही.

आपल्या वस्तीतील पोरे-पोरी पहाटे अंधारात रस्त्याने धावतात, ती पदकासाठी नव्हे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ४०० मीटरची धावपट्टी असेल तर ह्या चार आणि दोन फेऱ्या. ती नसेल तर उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत डांबरी सडकेच्या कडेने धावायचे. ज्या घरातील आई-बाप ऊसतोडीला जातात, त्या घरात एक नोकरी आली तर पुढच्या पिढीच्या हातातला कोयता सुटतो. म्हणून धावपट्टीला आम्ही चैन म्हणत नाही.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर तो शर्यतीत उतरला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले. मराठवाड्याच्या मातीत दम आहे, हे त्याने दाखविले. परंतु सैन्यात जाण्याआधीच गावाजवळ धावपट्टी आणि शिकविणारा मिळाला, तर असे किती अविनाश पुढे येतील!

आता दुसऱ्या मनाचे ऐका. गावात मोकळी जागा मिळत नाही, म्हणून अशी बांधकामे गावाबाहेर जातात. नागपूरचे जुने क्रिकेट मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, भर शहरात होते. २००८ पासून कसोटी सामने वर्धा रोडवरच्या जामठ्याला होऊ लागले. स्टेडियम ४५ हजार लोकांचे, पण कसोटीच्या दिवशी कित्येकदा खुर्च्याच खुर्च्या दिसल्या. पायी किंवा सायकलने येणारा प्रेक्षक तिथवर पोचणार कसा? नागपूरकरांची ही गत, तर शाळा सुटल्यावर घरचे पाणी भरून निघणारी आपली मुलगी सांजवेळी गावाबाहेर एकटी कशी जाईल? बाप पाठवील काय?

अंतराहूनही मोठा प्रश्न फाटकाचा आहे. पळवणकर बाळू यांचे नाव घरातल्या मुलांना अवश्य सांगा. चर्मकार समाजातील हा गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरविण्याचे काम करी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही त्याच्याच संघातले सवर्ण त्याला चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर देत, जेवणही वेगळे. त्याच्या हातचा चेंडू चालत होता, हातचे पाणी चालत नव्हते. आज तसे उघडपणे कोणी करणार नाही. पण महिन्याची फी, फाटकाचे कुलूप आणि ‘तुम्ही कुणाचे?’ हा प्रश्न, या तीन गोष्टी तेच काम गुपचूप करू शकतात.

तेव्हा स्टेडियम नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते हवेच. मात्र ते चालत जाता येईल इतके जवळ असावे. विद्यार्थ्यांना व भरतीची तयारी करणाऱ्यांना फी नसावी. मुलींसाठी ठरावीक वेळ, उजेड आणि पाणी असलेले स्वच्छतागृह असावे. शिकविणारा माणूस रोज हजर असावा. संकुलाचा कारभार पाहणाऱ्यांत आपल्या वस्तीतील पालकांचाही आवाज असावा.

आणि एक काम आपलेही आहे. मैदान उघडेल त्या दिवशी मुलाबरोबर मुलीलाही बूट घेऊन द्या, आणि पहिले काही दिवस आई-बापांनी स्वतः सोबत जा. ज्या मैदानावर आपण जाणार नाही, ते आपले राहणार नाही.